कुरणात पडलेलं शेण भुंगेरे खरंच संपवतात का?

हो, आणि ते नसले तर काय होतं हे ऑस्ट्रेलियाने भोगलंय. तिथले मूळचे भुंगेरे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गाईचा ओला पो त्यांना झेपेना. पो वाळून महिनोन्‌महिने पडून राहत, खालचं गवत मरे, माश्यांचं तर विचारूच नका. जॉर्ज बोर्नेमिसा या कीटकशास्त्रज्ञाने ते हेरलं आणि १९६०च्या दशकात बाहेरून भुंगेरे आणून सोडायला सुरुवात झाली.

गोळा ढकलणारा शेणकिडा सगळ्यांना ठाऊक असतो, पण मोठं काम बीळ खणणाऱ्यांचं. काठीने पो उलटून बघा: खाली भोकं आणि उकरलेली ताजी माती. शेण आत ओढून ते त्यात अंडी घालतात. खत आपोआप मुळांपाशी पोचतं, पाणीही मुरतं. जनावरांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध दिलं असेल, तर मात्र ते शेणात उतरून भुंगेऱ्यांच्या अळ्या मारतं.