एकट्याने राहताना स्वयंपाक शिकायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी मुंबईत एकटे राहता, रोजच्या डब्याला कंटाळलात आणि चहापलीकडे काही करता येत नाही. मी अंधेरीत भाड्याच्या खोलीत राहायला आले तेव्हा माझीही हीच गत होती.

पाककृतींचे व्हिडिओ तूर्त राहू द्या. पंधरा दिवस रोज कुकर लावा. अर्धी वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. मग त्यात दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद आणि हिंग घाला. वरच्या भांड्यात अर्धी वाटी तांदूळ, एक वाटी पाणी. कुकरच्या तळाला पाणी घालायला विसरू नका. चार शिट्ट्या करा आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात लावू नका.

खरं शिकायचं आहे ते फोडणी. माझ्या पहिल्या महिन्यातल्या सगळ्या भाज्या कडू झाल्या, कारण मी तापलेल्या तेलात आधी हळद टाकायचे. हळद पूड असते, लगेच करपते. तेल तापलं की मोहरीचे दोन दाणे टाकून बघा. तडतडले तरच बाकीची मोहरी घाला, ती पूर्ण तडतडू द्या, मग जिरं, हिंग, कोरडा पुसलेला कढीपत्ता. गॅस बारीक करून हळद अगदी शेवटी, आणि तिच्या पाठोपाठ भाजी किंवा घोटलेलं वरण. ही एक फोडणी हाताला बसली की पोहे, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर सगळं आवाक्यात येतं. त्याच वरणात आमसूल, गूळ आणि गोडा मसाला पडला की आमटी.

भेंडी मला लोकलमध्ये कळली. संध्याकाळी लेडीज डब्यात बायका मटार सोलत, पालेभाजी निवडत घरी जातात. तिथल्या एका काकूंनी सांगितलं, भेंडी आधी धुवायची, पुसून कोरडी करायची, मगच चिरायची. परतताना झाकण नाही, मीठ शेवटी. तेव्हापासून माझी भेंडी कधी चिकट झाली नाही.

पोळ्यांची घाई मात्र करू नका. कणीक मळायला आणि लाटायला हात बसेपर्यंत महिने जातात. तोवर जवळच्या पोळीभाजी केंद्रातून दोन पोळ्या आणा, भाजी तुमची असू द्या.