दोन वर्षं कुठून मोजतात ते आधी बघा, मग पुण्याला जायचं ठरवा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की ठिबकचा व्हॉल्व्ह मोबाईलवरून चालू-बंद करायचं यंत्र तयार आहे, परभणीजवळ दोन शेतांवर बसवलंय, घरचे तीन लाख संपले, कंपनी काढून 14 महिने झाले, एका कार्यालयात सबसिडीची फाईल पाच महिन्यांपासून पडून आहे, आणि एक कन्सल्टंट दीड लाख घेऊन फंडिंग करून देतो म्हणतोय, तर आता पुण्याला जाऊन गुंतवणूकदार शोधू का. ते पाच महिन्यांचं वाचलं आणि पोटात गोळा आला, कारण माझी गाडी अगदी ह्याच ठिकाणी रुतली होती.

पिच डेक, जीएसटी, करंट खातं हे सगळं सांगत बसत नाही, ते तुम्ही केलेलं असणार.

पहिलं काम, कंपनीचं इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणीचा दाखला, काढा आणि त्यावरची तारीख बघा. स्टार्टअप इंडिया सीड फंड ही केंद्राची योजना 2021 ला आली, मुळात चार वर्षांसाठी मंजूर होती, म्हणून अजून चालू आहे का ते आधी पोर्टलवर बघा. तिच्यात प्रोटोटाईप (नमुना यंत्र) आणि ट्रायलसाठी 20 लाखांपर्यंत ग्रँट, म्हणजे परत न करायचे पैसे, आणि माल बाजारात उतरवायला 50 लाखांपर्यंत कर्ज किंवा कन्व्हर्टिबल डिबेंचर, म्हणजे पुढं शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज. अर्ज इन्क्युबेटरकडं, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्राकडं, करायचा असतो. पण अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. आणि ही दोन वर्षं डीपीआयआयटीच्या (केंद्राच्या उद्योग खात्याच्या) स्टार्टअप मान्यतेपासून मोजत नाहीत, कंपनी नोंदली त्या तारखेपासून मोजतात. मी मान्यतेपासून मोजली. एवढीच चूक, पण तिनं माझी तीन वर्षं खाल्ली.

मी लातूरचा. सोयाबीनची हवा, म्हणजे ओलावा, मोजायचं यंत्र करायलो. आडतीवर मूठभर दाणे घेऊन, दाताखाली फोडून "हवा जास्त आहे" म्हणतात आणि भाव खाली येतो, शेतकरी पोत्याजवळ नुसता उभा. 12 टक्क्यांच्या पुढं गेलं की कटती. माझ्या वडलांच्या मालाचा भाव असाच दोनदा पडलेला मी बघितलाय, म्हणून हे यंत्र, की आकडा शेतकऱ्यालाही दिसावा आणि पावतीवर छापून यावा.

कंपनी ऑगस्ट 2020 ला नोंदवली, मान्यता मार्च 2021 ला मिळाली. मधल्या काळात एका कार्यालयात (नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही) सबसिडीच्या कर्जाची फाईल दिली होती. तीन प्रती, स्पायरल बाइंडिंग, सीएचा शिक्का. आधी म्हणाले कोटेशन तीन आणा, आणली. मग म्हणाले प्रोजेक्ट रिपोर्ट आमच्या नमुन्यात पाहिजे, केला. मग ग्रामपंचायतीची एनओसी, आणि मी तर शहरात भाड्याच्या गाळ्यात बसायलो, तिथं ग्रामपंचायत कुठून आणू? सात महिन्यांनी कुणीतरी कृपा करून फाईल उघडून दाखवली तर पहिल्या पानाच्या कडेला लाल शाईनं लिहिलेलं, "चर्चा करावी". खाली सही. त्या सहीनंतर एक ओळसुद्धा पुढं नाही. चर्चा कुणी कुणाशी करायची होती ते मला आजपर्यंत कळलं नाही.

सीड फंड आला तेव्हा मी पात्र होतो, 16 महिने हातात होते. पण त्याच कार्यालयात एका साहेबांनी सांगितलं की एका वेळी एकच योजना धरा नाहीतर दोन्हीकडून बाद व्हाल, आणि दोन वर्षं तर मान्यतेपासूनच धरतात, घाई करू नका. मी ऐकलं. पोर्टलवर नियम लिहिलेला होता, मी वाचला नाही, टेबलापलीकडच्या माणसाचं ऐकलं. नोव्हेंबर 2022 ला अर्ज करायला बसलो, इन्क्युबेटरच्या पोरीनं फोनवर कागद मागितले, सर्टिफिकेट पाठवलं आणि दहा मिनिटांत तिचा परत फोन, "सर, तुम्हाला 27 महिने झालेत." ती बिचारी चार वेळा सॉरी म्हणाली. पार्टनरनं पुढच्या महिन्यात हिंजवडीला नोकरी धरली, त्याला दोष देत नाही, त्याच्या घरी लहान लेकरू होतं.

म्हणून सांगतो, तुमच्याकडं 10 महिने आहेत आणि ते फार नाहीत, कारण इन्क्युबेटरची कमिटी कधी बसेल ते आपल्या हातात नसतं. एका वेळी तीन इन्क्युबेटरना अर्ज करता येतो, तिन्ही भरा, ते मराठवाड्यातलेच पाहिजेत असं काही नाही. संभाजीनगरला मॅजिक नावाचं इन्क्युबेटर आहे, विद्यापीठाचं अटल इन्क्युबेशन सेंटर आहे, सीड फंड कुणाकडं चालू आहे ते आधी विचारा, नसेल तरी जाऊन बसा, तिथं निदान माणसं बोलतात. पैसे एकरकमी येत नाहीत, टप्प्यानं येतात, आणि त्यातून शेड-बिल्डिंग करता येत नाही. आधी सरकारी योजनांतून 10 लाखांपेक्षा जास्त मदत घेतलेली असेल तर अडचण येते, म्हणून कोणती योजना आधी घ्यायची हे कागदावर मांडून ठरवा. नियम बदलत राहतात, मी माझ्या वेळचं सांगायलो, मी सीए नाही, भरायच्या दिवशी पोर्टल स्वतः वाचा.

त्या कन्सल्टंटला एक रुपया देऊ नका. मान्यतेला फी नाही, सीड फंडच्या अर्जाला फी नाही. दीड लाखात तुमचे अजून किती व्हॉल्व्ह शेतात बसतील बघा. हे माझं ठाम मत आहे, कुणाला राग आला तरी चालेल.

पुण्याचं विचाराल तर आत्ता नको. दोन शेतांवर गुंतवणूकदार पैसे टाकत नाही, आणि टाकलेच तर कंपनीत 25-30 टक्के हिस्सा मागतो, एवढ्या लवकर एवढं दिलं की पुढच्या राऊंडला तुमच्या हातात काय राहणार? एंजल टॅक्सची, म्हणजे गुंतवणुकीच्या पैशावर लागायच्या कराची, भीती मात्र कुणी घातली तर ऐकू नका, तो 2024 च्या बजेटमध्येच काढलाय. आधी दहा शेतं करा, शक्य झालं तर कृषी विद्यापीठात ट्रायल लावा, तुमच्या तर दारातच आहे, त्यांच्या रिपोर्टचं एक पान आपल्या चाळीस स्लाईडपेक्षा जड भरतं.

माझं शेवटी कसं निभावलं, तर 11 आडत्यांकडून पाच-पाच हजार ॲडव्हान्स घेतला, त्या पावत्या दाखवून बँकेतून सीजीटीएमएसईखाली (लहान उद्योगांच्या विनातारण कर्जाला हमी देणारी योजना) आठ लाख कर्ज. मॅनेजर सातबारा मागायलाच लागले होते. 10 लाखांपर्यंत तारण मागायचं नाही हा रिझर्व्ह बँकेचाच नियम होता, त्याची प्रिंट सोबत नेली होती, ती टेबलावर ठेवली तेव्हा विषय थांबला. तुम्हीही जाताना प्रिंट न्या, तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

आणि ज्यांनी अजून कंपनी काढलीच नाही त्यांच्यासाठी, उगी घाई करू नका. प्रोटोटाईपसाठी निधी-प्रयास या केंद्राच्या योजनेत 10 लाखांपर्यंत मिळतात आणि तिथं एकटा माणूसही अर्ज करू शकतो. यंत्र चाललं की मग नोंदवा, घड्याळ तेव्हापासून सुरू होईल.

पडून असलेल्या फाईलचं म्हणाल तर काढून घेऊ नका, पण तिच्या मागं फिरूही नका. एक लेखी अर्ज द्या, पोहोच घ्या, महिन्यानं माहिती अधिकार टाका, आणि तोवर तुमचे दिवस सीड फंडच्या अर्जाला द्या. इन्कॉर्पोरेशनची नक्की तारीख आणि शेतात व्हॉल्व्ह न बिघडता किती दिवस चालला तेवढं खाली लिहा. अर्जाचा कच्चा मसुदा झाला की मला पाठवा, रविवारी बाजार बंद असतो, मी निवांत बसून वाचतो.