सेन्सर घरी बदला, पण आधी कार्डाचे बिल पाहा

नाशिकच्या एका वाचकांच्या २०१४ च्या पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला आहे. गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर, क्रँकशाफ्ट सेन्सर आणि मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर असे तीन सेन्सर बदलण्याचे १६,५०० रुपये सांगितले आहेत. हेच तीन सेन्सर ऑनलाइन ५,५०० रुपयांना आणि गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर १,२०० रुपयांना मिळतो, तेव्हा ते क्रेडिट कार्डावर मागवून घरीच बदलावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे. काटकसरीचे कारणही त्यांनी जाता जाता लिहिले आहे: मार्चमध्ये विमा पॉलिसीचा एक लाखाचा तिसरा हप्ता भरायचा आहे, गेल्या वर्षीचा हप्ता कार्डावरून भरला होता, कार्डावर आज १,४०,००० रुपये थकले आहेत, "पण किमान रक्कम मी कधीच चुकवत नाही".

प्रथम गाडीचे पाहू, कारण ते सोपे आहे. आपण पाठवलेल्या गॅरेजच्या चिठ्ठीवर पी०१३५ आणि पी०१७१ हे दोनच कोड आहेत. पहिला ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटविषयी आहे, तर दुसरा मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी असल्याचे सांगतो. क्रँकशाफ्ट सेन्सरचा किंवा प्रेशर सेन्सरचा कोड चिठ्ठीवर नाही, मग ते दोन्ही कशासाठी बदलायचे, हे गॅरेजला विचारायला हवे होते. कोड म्हणजे खराब भागाचे नाव नव्हे. तक्रार कोणत्या सर्किटमधून आली एवढेच तो सांगतो. हीटरचा फ्यूज उडालेला असू शकतो, कनेक्टरमध्ये गंज असू शकतो किंवा उंदराने वायर कुरतडलेली असू शकते (माझ्या गाडीत एका पावसाळ्यात हेच झाले होते आणि दुरुस्तीला वायरचा एक तुकडा व इन्सुलेशन टेप पुरली होती). दुसरा कोड बहुधा हवेच्या चिरलेल्या नळीचा असतो. ती नळी तशीच ठेवून नवा सेन्सर बसवला, तर तोही तीच तक्रार करील. म्हणून आधी फ्यूज, वायर आणि नळ्या तपासाव्यात, त्यानंतर गार इंजिनवर मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजावा आणि सर्किट तुटलेले निघाले तरच ऑक्सिजन सेन्सर, तोही ओरिजिनल, घ्यावा. जुना सेन्सर आट्यांत जाम बसलेला असतो. जोर लावून आटे खराब केलेत, तर वाचवलेले सगळे पैसे त्यातच जातील, त्यामुळे तो सहज निघत नसेल तर मेकॅनिकला मजुरी देऊन काढून घ्यावा.

आपल्या बेताप्रमाणे तिन्ही सेन्सर घरी बदललेत, तरी फार तर दहा हजार रुपये वाचवाल. आता कार्डाकडे पाहू. १,४०,००० रुपयांवर महिना साडेतीन टक्के दराने ४,९०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे सुमारे ५,८०० रुपये दरमहा जातात. आपण किमान रक्कम म्हणून सुमारे ७,००० रुपये भरता, त्यातून मुद्दल जेमतेम १,२०० रुपयांनी कमी होते. वर्षाचे व्याज पासष्ट हजारांच्या घरात जाते. गॅरेजचे बिल त्यापुढे तीन महिन्यांच्या व्याजाइतकेही नाही. शिवाय थकबाकी पुढे ओढली जात असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे ऑनलाइन घेतलेल्या सेन्सरवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागेल.

दुसरीकडे मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली दोन लाखांची मुदत ठेव आपल्याच नावावर आहे आणि तिला हात लावायचा नाही असे आपण लिहिता. ती सात टक्क्यांनी वर्षाला १४,००० रुपये मिळवते. तिच्या शिक्षणाची ठेव सात टक्क्यांनी वाढत असताना आपले कर्ज जवळपास पन्नास टक्क्यांनी वाढते आहे, आणि यात मुलीचे हित कुठे आहे ते मला दिसत नाही. मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास एखादा टक्का व्याज कमी मिळेल, ते सोसावे. याच आठवड्यात ठेव मोडून कार्डाची पूर्ण रक्कम भरावी. उरलेल्या साठ हजारांत गाडीचे काम रोखीने होईल आणि आज जे ७,००० कार्डावर जातात तेच दरमहा मुलीसाठी पुन्हा साठवता येतील.

या सगळ्याच्या मुळाशी पॉलिसी आहे. दहा वर्षे लाख रुपये भरायचे आणि विसाव्या वर्षी बावीस लाख मिळायचे, "म्हणजे बारा टक्के", असे बँकेतील अधिकाऱ्याने सांगितले आणि आपण ते मुदत ठेवीसारखेच समजलात. बारा लाखांच्या नफ्याला दहा वर्षांनी भागून हे बारा टक्के काढलेले आहेत. पैसे प्रत्यक्षात सरासरी साडेपंधरा वर्षे अडकतात आणि परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आसपास येतो. अशा परताव्यासाठी आपण जवळपास पन्नास टक्क्यांचे कर्ज काढून हप्ता भरलात. या विक्रीला सल्ला म्हणण्याची माझी तयारी नाही.

तिसरा हप्ता भरू नये. विमा कंपनीकडून सरेंडर मूल्य (पॉलिसी आता बंद केल्यास परत मिळणारी रक्कम) आणि पेड-अप मूल्य (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवल्यास मिळणारी कमी रक्कम) हे दोन्ही आकडे लेखी मागवावेत. दोन लाखांतले पासष्ट हजारच परत आले असे धरले, तरी ती रक्कम आणि पुढचे आठ लाख पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी त्याच मुदतीपर्यंत सुमारे चोवीस लाख होतात. पीपीएफचा दर बदलू शकतो, हे मान्य. पण त्यासाठी कर्ज काढावे लागत नाही आणि एखाद्या वर्षी हात तंग असेल तर ५०० रुपये भरूनही खाते चालू राहते. विमासंरक्षण मात्र आपल्याला हवेच आहे. या पॉलिसीतील दहा लाखांत आपले घर दोन-तीन वर्षेही चालणार नाही, तेव्हा साधा टर्म विमा (ज्यात फक्त मृत्यूनंतर कुटुंबाला रक्कम मिळते) आधी घ्यावा, तो मंजूर झाला की मगच ही पॉलिसी बंद करावी. वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेवढा वेळ या कामाला पुरेल. त्या दिवसांत बँकेतून फोन नक्की येईल. तेव्हा बावीस लाखांवरचा वार्षिक परतावा बँकेच्या लेटरहेडवर लिहून मागावा.