भिंत उंच करावी, की बाग खोल?

प्रश्न : आमची सोसायटी सहकारनगरात, आंबिल ओढ्याच्या काठाला आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पार्किंगमधल्या गाड्या पाण्याने एकमेकींवर चढल्या होत्या. आता ओढ्याकडची भिंत उंच करायची आणि मागची बाग मोडून काँक्रीट करायचं, असं कमिटीत चाललंय. पुरापुढे बाग काय कामाची, असं मला विचारतात. काय सांगू? – एक सभासद, पुणे

उत्तर : ताई, बाग मोडू देऊ नका. भिंत उंच केल्याने पाणी कमी होत नाही; ते समोरच्या काठावर आणि खाली दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत शिरतं. भिंत आहे तेवढीच डागडुजी करून ठेवा.

आता कमिटीपुढे हिशेब मांडा. गच्ची आणि पार्किंग मिळून हजार चौरस मीटर धरा. 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे तिथे एक लाख लिटर पाणी. काँक्रीटवरून ते लगेच ओढ्यात जातं, आणि काठावरच्या सगळ्याच सोसायट्यांचं एकाच वेळी जातं. तीनशे चौरस मीटरची बाग वीस सेंटिमीटर खोल केली, तर त्यातलं साठ हजार लिटर थांबतं. गच्चीचे पाइप तिच्यात सोडा. आपली काळी माती पाणी धरून बसते, म्हणून खाली खडी, वर वाळू मिसळलेली माती घाला. खड्डा इमारतीच्या पायापासून तीनेक मीटर लांब हवा आणि जास्तीचं पाणी जायला वरच्या बाजूला पाइप हवा. डासांची भीती कुणीतरी काढेलच. पाणी दीड-दोन दिवसांत जिरलं तर डासांची पैदास होत नाही. वाळा, कर्दळ लावा. दोन्हींना ओल सोसते.

कोपनहेगन 2 जुलै 2011 च्या ढगफुटीत बुडालं. त्यानंतर तिथल्या एंगहावे या जुन्या बागेतलं खेळाचं मैदान खोल केलं, कडेने बुटकी भिंत बांधली. आज त्या बागेत सव्वादोन कोटी लिटर पाणी मावतं. एरवी तिथे मुलं खेळतात.

2019 सारखा कात्रजकडून येणारा लोंढा मात्र तुमची एकटी बाग अडवणार नाही. त्यासाठी ओढ्याला रुंदी आणि वाटेत पसरायला जागा हवी. सारसबागेच्या जागी पूर्वी तळंच होतं, हे आपण विसरलो. महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. शेजारच्या सोसायट्यांना घेऊन तिथे ओढ्याकाठच्या उद्यानाचा काही भाग खोल करायची मागणी करा. आणि मीटरबॉक्स तळमजल्यावर असेल तर या पावसाळ्याआधी वर घ्या. त्यासाठी बागेच्या ठरावाची वाट पाहू नका.