वाचकांचे प्रश्न : खालच्या लीगमधला खेळाडू नॉन-लीगचा मॅनेजर होतो तेव्हा

प्रश्न : इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये ‘नॉन-लीग’ म्हणजे नक्की काय? तिथून वर येता येतं का?

उत्तर : प्रीमियर लीगचे २० आणि त्याखालच्या तीन विभागांचे प्रत्येकी २४, असे ९२ क्लब वरच्या चार पायऱ्यांवर असतात. पाचव्या पायरीपासून खालचं सगळं नॉन-लीग: आधी नॅशनल लीग, मग तिच्या नॉर्थ आणि साउथ शाखा, त्याखाली प्रादेशिक लीग. एके काळी पाचव्या पायरीवर पहिला आलेला क्लबही वर जाईलच असं नव्हतं. ते वरच्या क्लबांच्या मतांवर ठरायचं. थेट बढती सुरू झाल्यावर १९८७मध्ये पहिला मान स्कारबरोला मिळाला. त्यांचे मॅनेजर नील वॉर्नॉकही खालच्या विभागांतच खेळलेले. २००२-०३पासून दोन क्लब वर जाऊ लागले, एक थेट आणि दुसरा प्लेऑफमधून, म्हणजे त्याखालोखालच्या क्लबांमध्ये हंगामाअखेर होणाऱ्या बाद फेरीतून.

प्रश्न : पॉल हर्स्टने ग्रिम्सबीला दोनदा वर आणलं, तरी मोठ्या क्लबमध्ये तो टिकला नाही. त्याची कारकीर्द कशी वाचावी?

उत्तर : हर्स्ट डावा बचावपटू. रॉदरहॅमकडून १९९३ ते २००८ खेळला, लीगचे चारशेहून जास्त सामने. मॅनेजर म्हणून मात्र त्याने रॉदरहॅमच्या बरंच खाली, इल्केस्टन टाउनपासून सुरुवात केली, तीही जुना सहकारी रॉब स्कॉटबरोबर जोडीने. तिथून बॉस्टन युनायटेड आणि २०११मध्ये ग्रिम्सबी.

ग्रिम्सबीतली वर्षं नीट पाहण्यासारखी आहेत. क्लब तेव्हा पाचव्या पायरीवर होता. २०१३ आणि २०१४मध्ये संघ चौथा आला आणि दोन्ही वेळा प्लेऑफच्या उपांत्य फेरीत हरला. २०१५मध्ये वेम्बलीवर अंतिम सामना पेनल्टींवर गेला आणि ब्रिस्टल रोव्हर्स जिंकले. त्यांचा मॅनेजर डॅरेल क्लार्क हाही मॅन्सफिल्ड-हार्टलपूलकडून खेळून सॉल्झबरीत मॅनेजर झालेला, म्हणजे त्याच वाटेने आलेला माणूस. २०१६मध्ये अखेर फॉरेस्ट ग्रीनला ३-१ हरवून ग्रिम्सबी वर गेलं. ४६ सामने चांगले खेळूनही वर्ष दोन-तीन सामन्यांत वाया जातं, ते असं. अशा प्लेऑफमध्ये तीनदा हरलेल्या मॅनेजरला क्लबने काढलं नाही, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पुढे श्रूजबरी. २०१८मध्ये संघ लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर, तिसरा आला आणि प्लेऑफच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत हरला, तोही रॉदरहॅमकडूनच! त्याच उन्हाळ्यात हर्स्ट एक पायरी वरच्या इप्सविचला गेला. लीगच्या १४ सामन्यांत एकच विजय मिळाला आणि ऑक्टोबरमध्ये नोकरी गेली. कमी पैशांत घट्ट बांधलेला संघ उभा करणं एक आणि दुसऱ्याने जमवलेला मोठा संघ उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत मोडून नव्याने लावणं वेगळं.

२०२०च्या अखेरीस तो ग्रिम्सबीला परतला. २०२१मध्ये संघ खाली घसरला आणि २०२२मध्ये लगेच वर आला. त्या वर्षी ग्रिम्सबी सहावं होतं. जुन्या नियमात दुसरा ते पाचवा एवढेच क्लब प्लेऑफ खेळत. २०१७-१८पासून सातव्यापर्यंतचे खेळतात. या बदलामुळेच दार उघडं राहिलं. नॉट्स काउंटी, रेक्सम आणि सोलिहल मूर्स हे तिन्ही सामने त्यांनी जादा वेळेत जिंकले. रेक्समविरुद्ध तर ५-४.

प्रश्न : अर्धवेळ क्लबच्या मॅनेजरचा आठवडा कसा असतो? घोळ कुठे होतात?

उत्तर : खेळाडू दिवसा नोकरी करतात, म्हणून सराव बहुधा मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी. सामना शनिवारी दुपारी तीनला. मंगळवारी सामना आला की सरावाची एक संध्याकाळ गेली. उरलेल्या दीड-दोन तासांत फिटनेस वाढवायला गेलात तर डावपेच राहून जातात. धावण्याचा कार्यक्रम खेळाडूंना घरी करायला द्यावा आणि मैदानावरचा वेळ संघाची रचना, कॉर्नर आणि फ्री किक यांसाठी ठेवावा.

करार करण्याआधी खेळाडूला त्याच्या कामाच्या पाळ्या विचाराव्यात. लांबच्या मंगळवारच्या सामन्याला चौघे पोहोचू शकत नाहीत, हे बस निघताना कळून उपयोग नाही. लेखी करार नसलेल्या खेळाडूसाठी दुसरा क्लब सात दिवसांची लेखी सूचना देऊन बोलणी सुरू करू शकतो. ऐन हंगामात गोल करणारा फॉरवर्ड असा हातचा जातो. सगळ्यांना करार द्यायला पैसे पुरत नाहीत, तेव्हा निदान गोलकीपर, मधला बचावपटू आणि फॉरवर्ड यांना तरी द्यावा.

जुने सहकारी भरताना जपून. फोन केला की ते येतात, कमी पैशांतही येतात, पण पस्तिशीच्या तिघांना एकदम खेळवलं की दाट कार्यक्रमाच्या महिन्यात संघ दमतो. आणि मित्राला बाकावर बसवणं कोणालाच सोपं जात नाही.

प्रश्न : परवाने कोणते लागतात? फारसं न खेळलेला माणूस मॅनेजर होऊ शकतो का?

उत्तर : युरोपची फुटबॉल संघटना यूएफा हिच्या परवान्यांचा क्रम सी, बी, ए आणि शेवटी प्रो. प्रीमियर लीगसाठी प्रो लागतो. खेळत असतानाच बीपर्यंत पोहोचलेलं बरं. कारकीर्द संपल्यावर पगार थांबतो आणि अभ्यासक्रमाचा खर्च जड जातो. खेळाडूंची संघटना पीएफए यात मदत करते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जॉन स्टिल. लेटन ओरिएंटकडून लीगचा एकच सामना खेळले. मॅनेजर म्हणून १९८९मध्ये मेडस्टोन, २००७मध्ये डॅगनम अँड रेडब्रिज आणि २०१४मध्ये लूटन असे तीन क्लब त्यांनी नॉन-लीगमधून वर नेले.