वाचक विचारतात : शस्त्रसंधी मोडते कुठे?

प्रश्न : शस्त्रसंधी जाहीर होते आणि दोन दिवसांत मोडल्याची बातमी येते. सह्या करूनही असं का होतं?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : बऱ्याचदा मसुदाच ढिला असतो. (नियत खोटी असू शकते, हे धरूनच मसुदा लिहायचा असतो.) ‘उभय पक्ष गोळीबार थांबवतील’ एवढ्यावर भागत नाही. किती वाजता, कोणत्या रेषेवर, कोणी किती मागे सरायचं, आणि तरीही गोळी सुटली तर ती कोणी झाडली हे ठरवणार कोण, हे सगळं कागदावर यावं लागतं.

उत्तर-दक्षिण कोरियाच्या युद्धातला शस्त्रसंधी करार बघा. २७ जुलै १९५३ ला सकाळी १० वाजता सह्या, अंमल रात्री १० पासून. मधले बारा तास हुकूम खंदकांपर्यंत पोहोचायला. पुढच्या ७२ तासांत दोन्ही सैन्यांनी २-२ किलोमीटर मागे जायचं, म्हणजे मधे ४ किलोमीटरचा मोकळा पट्टा. तक्रारी बघायला दोन्हीकडचे पाच-पाच अधिकारी. कायमचा शांतता करार आजतागायत झालेला नाही, पण तो पट्टा आहे.

बोलणी दोन वर्षं रखडली ती मुख्यतः युद्धकैद्यांवरून. मायदेशी परत जायला नकार देणाऱ्यांचं काय करायचं? शेवटी पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला. अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या. कैद्यांवर पहारा फक्त भारतीय सैन्याचा, आणि त्याचे प्रमुख मेजर जनरल थोरात, आपले कोल्हापूरकडचे. कैद्यांना समजवायला त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींना ९० दिवस दिले. निर्णय कैद्याचा, ताबा तिसऱ्याचा. त्यामुळे ‘आम्ही माघार घेतली’ असं कोणालाच म्हणावं लागलं नाही.

प्रश्न : अन्याय झालेल्या माणसाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागता येते का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही. तिथे फक्त देश देशाविरुद्ध जातात, आणि तेही दोघांनी न्यायालयाचा अधिकार मान्य केलेला असेल तरच.

प्रश्न : मध्यस्थ नेमकं करतो काय? दोघांना समजावतो?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : समजावणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिडला, म्हणजे अमेरिकी अध्यक्षांच्या विश्रामस्थळी, इजिप्त आणि इस्रायलचे नेते तेरा दिवस होते. दोन्ही नेते समोरासमोर बसले की भांडण वाढायचं, म्हणून अमेरिकेने एकच मसुदा हाती घेतला. तो एकाला दाखवायचा, ‘मान्य का?’ असं विचारायचंच नाही, ‘यात खटकतं काय?’ एवढंच विचारायचं. दुरुस्त करून दुसऱ्याकडे न्यायचा, परत यायचं. अशा वीसहून अधिक आवृत्त्या झाल्यावर शेवटी हो किंवा नाही. आपापला मसुदा घेऊन बसलं, की प्रत्येक जण स्वतःचं वाक्य वाचवत बसतो.

दुसरं काम म्हणजे मागणीच्या मागची गरज शोधणं. सिनाई म्हणजे १९६७ च्या युद्धात इस्रायलने घेतलेला इजिप्तचा भाग. त्यातली एक इंचही जमीन इजिप्त सोडायला तयार नव्हता. इस्रायलला हद्दीजवळ रणगाडे नको होते. १९७९ च्या करारात सगळी जमीन इजिप्तला मिळाली, पण सैन्यावर पट्ट्यापट्ट्याने मर्यादा आल्या : सुएझ कालव्याकडच्या पट्ट्यात जास्तीत जास्त २३० रणगाडे, इस्रायलच्या हद्दीलगत इजिप्तचे फक्त पोलीस. पॅलेस्टिनी स्वायत्ततेचा मसुदा मात्र कॅम्प डेव्हिडच्याच बैठकीत मोघम राहिला. स्वायत्तता म्हणजे कोणते अधिकार, हेच लिहिलं नव्हतं. तो तिथेच अडला.

प्रश्न : कॉलेजच्या अभिरूप संयुक्त राष्ट्र स्पर्धेत आमचा प्रत्येक ठराव व्हेटोवर आपटतो. काय करावं?
– एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : आधी मोजणी. सुरक्षा परिषदेत १५ पैकी ९ मतं लागतात. पाच कायम सदस्यांपैकी एकाचंही विरोधी मत म्हणजे व्हेटो, पण कायम सदस्य तटस्थ राहिला तर तो व्हेटो नव्हे. म्हणून त्याचा होकार मिळवण्याऐवजी त्याला तटस्थ ठेवता येतं का ते पाहा. कामकाजाच्या पद्धतीच्या मुद्द्यांवर व्हेटो चालतच नाही.

तरी अडलं, तर १९५० च्या ठरावाचा (परिषद व्हेटोने अडली तर विषय आमसभेने घ्यावा, असा) आधार घेऊन विषय सगळ्या सदस्य देशांच्या आमसभेत न्या. १९५६ मध्ये सुएझ प्रकरणी (इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्सचा इजिप्तवर हल्ला) ब्रिटन-फ्रान्सने व्हेटो वापरल्यावर हेच झालं आणि पहिलं शांतिसैन्य उभं राहिलं. आमसभा सक्ती करू शकत नाही, शिफारस करते, हे विसरू नका.

विद्यार्थ्यांचे ठराव ‘तीव्र चिंता व्यक्त करते’ने भरलेले असतात. ती ओळ एकदा पुरे. परिषदेच्या ठरावात ‘आवाहन करते’ आणि ‘निर्णय घेते’ यांत बंधनाचा फरक पडतो, तेव्हा क्रियापद जपून निवडा. सैन्य पाठवत असाल तर मुदत किती, खर्च कोणाचा, गोळीबार झाल्यास काय करायचं, आणि यजमान देशाने संमती काढून घेतली तर काय, हे लिहा. सुएझचं ते सैन्य फक्त इजिप्तच्या बाजूला उभं होतं, कारण इस्रायलने आपल्याकडे येऊ दिलं नाही. मे १९६७ मध्ये इजिप्तने ‘निघा’ म्हटलं, सैन्य निघू लागलं, आणि ५ जूनला युद्ध पेटलं.