मला फारकत नको, मार थांबायला हवा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. ओळख पटेल असा तपशील गाळून त्याचा सार इथे देतो, कारण असंच कोड्यात सापडलेल्या इतरही बायका हे वाचतील. सासर रावेर तालुक्यातलं, माहेर शिरपूर तालुक्यातलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, सात वर्षांचा मुलगा आहे. नवरा केळीच्या व्यवहारात आहे. हातात पैसा आला की दारू, आणि दारू झाली की मार. तुमची पोत त्याने न विचारता गहाण टाकली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलात, त्या परत गेला नाहीत. आता तो पिऊन तुमच्या भावाच्या दारात येतो, शिव्या देतो, "पोराला उचलून नेईन" म्हणतो. पोलिसांनी एन.सी., म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, लिहून घेतली आणि समज दिली. दोन्हीकडचे चार लोक बसले आणि म्हणाले, स्टॅम्पवर फारकत लिहून द्या, विषय मिटवा. तुम्ही लिहिता: "मला संसार मोडायचा नाही, त्याला जेलातही पाठवायचं नाही. फक्त मार नको."

तुम्ही जे मागता आहात, नेमकं त्यासाठीच एक कायदा आहे, आणि तुम्हाला तो कोणी नीट सांगितलेला नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. कोर्टात आम्ही वकील याला डी.व्ही.ची (डोमेस्टिक व्हायोलन्सची) केस म्हणतो. या अर्जावर नवऱ्याला अटक होत नाही आणि तुमचं लग्नही मोडत नाही. मॅजिस्ट्रेट त्याला लेखी बजावतात: हात उचलायचा नाही, धमकवायचं नाही, दारात यायचं नाही. तो आदेश त्याने मोडला, तरच गुन्हा होतो. म्हणजे जेलची किल्ली त्याच्याच हातात राहते. पोलिसांत देता येते ती क्रूरतेची फिर्याद, पूर्वीचं ४९८-अ आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, हा वेगळा रस्ता आहे. तोही तुम्हाला खुला आहे, पण या अर्जासाठी आधी तिथे जायलाच हवं असं नाही.

सगळ्यात आधी फारकतीचं सांगतो, कारण त्यात घाई चालू आहे. सही करू नका. नोटरीसमोर लिहिलेल्या कागदाने हिंदू लग्न मोडत नाही, त्याला कोर्टाचा हुकूमनामा लागतो. काही समाजांत रूढीने होणारी फारकत कायदा मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. त्या कागदात "माझे काही येणे नाही, मी स्वखुशीने लिहून देत आहे" हे वाक्य असतंच असतं. उद्या तुम्ही पोटगी किंवा दागिने मागितलेत, की समोरचा वकील पहिल्यांदा तोच कागद काढतो. कोऱ्या स्टॅम्पवर तर अंगठाही नाही. वडीलधाऱ्यांना दुखवायचं नसेल तर एवढंच म्हणा, "काय ठरायचं ते कोर्टासमोर ठरू द्या." यात उद्धटपणा काही नाही. नवरा खरंच सुधारायला तयार असेल तर मॅजिस्ट्रेट समुपदेशनाला पाठवू शकतात, आणि तिथे झालेल्या समझोत्यावर कोर्ट आदेश काढू शकतं. बैठकीत दिलेला शब्द आठ दिवसांत विसरला जातो. कोर्टाच्या आदेशात उतरलेला शब्द मोडला तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

केस कुठे करायची? रावेरला जायची गरज नाही. कलम २७ प्रमाणे तुम्ही कायमच्या किंवा तात्पुरत्या जिथे राहता, तिथल्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तुम्ही माहेरी राहता, म्हणजे शिरपूरचं कोर्ट चालेल. रावेरलाही करता आली असती, पण दर तारखेला चोपडा, यावल ओलांडून एवढा प्रवास, लेकरू बरोबर, आणि कोर्टाच्या आवारात सासरची माणसं उभी. शिरपूरच निवडा. तिथला आदेश रावेरलाच काय, देशभर लागू असतो. सुरतेत उधन्याला नांदायला दिलेल्या आपल्याकडच्या कितीतरी लेकी माहेरी येऊन "केस गुजरातेत करावी लागेल" म्हणून गप्प बसतात. त्यांनाही हेच उत्तर आहे.

अर्ज तुम्ही स्वतः, वकिलामार्फत, किंवा संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत करू शकता. तुमच्या वतीने भाऊही करू शकतो. संरक्षण अधिकारी हे महिला व बालविकास विभागाचे. ते कुठे बसतात हे कोर्टात कळेल, किंवा गावातल्या अंगणवाडी सेविकेला विचारा. ते तुमची हकीगत विचारून घरगुती घटनेचा अहवाल तयार करतात. तो असला तर चांगलंच, पण तो नाही म्हणून अर्ज अडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षी न्यायालयाने आणखी एका निकालात सांगितलं की या अर्जाला एक वर्षाच्या मुदतीचं बंधन नाही. म्हणून "मार तर दोन वर्षांपूर्वीचा आहे, आता काय उपयोग" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. वकिलाच्या फीची काळजीही सोडा. बाईला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. शिरपूर कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे, तिथे साधा अर्ज द्या.

आता थोडं थांबून अर्ज कसा लिहायचा ते सांगतो, कारण केस इथेच उभी राहते किंवा पडते. "पती नेहमी शारीरिक व मानसिक त्रास देत असे" हे वाक्य शंभर अर्जांत असतं. वाचून न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. तुम्ही पत्रात जे लिहिलंय ते कितीतरी जिवंत आहे: केळीचे पैसे आले त्या रात्री त्याने चुलीपुढचं लाकूड उचललं, डावा हात सुजला, सकाळी जाऊबाईंनी हळद लावली, तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलात. असंच लिहा. तारीख आठवत नसेल तर पोळ्याच्या आदल्या दिवशी, मुलाला शाळेत घातलं त्या आठवड्यात, असं सांगा. वकील त्यावरून दिवस काढतील. अशा चार-पाच ठळक घटना पुरतात. दवाखान्याचा केसपेपर, एन.सी.ची प्रत, गहाणाची पावती मिळाली तर ती, आणि त्याचे धमकीचे मेसेज जोडा. मेसेज ज्या फोनवर आले तो फोन विकू नका, काही पुसू नका. ते पुराव्यात आणायला एक प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतील.

कोणाकोणाला पार्टी करायचं, म्हणजे अर्ज कोणाकोणाविरुद्ध करायचा, हेही जपून ठरवा. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सासू-नणंदेविरुद्धही अर्ज करता येतो. पण ज्यांनी तुम्हाला खरोखर त्रास दिला त्यांचीच नावं घाला. लग्न होऊन दूर गेलेली नणंद, म्हातारे चुलत सासरे यांना ओढलं की अर्जातलं खरंही खोटं वाटायला लागतं, आणि प्रत्येकाला नोटीस पोचवण्यात महिने जातात. तुमच्या जाऊबाई तर उद्या तुमच्या साक्षीदार होऊ शकतात.

मागण्या स्पष्ट लिहा, कारण न मागितलेलं सहसा मिळत नाही. कलम १८ खाली संरक्षण आदेश: मारहाण, शिवीगाळ करायची नाही, फोनवर किंवा माणसं पाठवून संपर्क करायचा नाही, माहेरच्या घरी आणि मुलाच्या शाळेत यायचं नाही. तुमच्या भावाला तो धमकावतो ना? तुम्हाला मदत करणाऱ्या माणसालाही याच कलमात संरक्षण आहे, भावाचा उल्लेख करायला विसरू नका. पोत आणि लग्नातले बाकीचे दागिने, भांडी, कपाट ही तुमची मालमत्ता आहे. त्यांची यादी जोडा आणि कलम १९ खाली परत मागा. न विचारता गहाण टाकणं हा आर्थिक छळ आहे, तोही याच कायद्यात हिंसाचार ठरतो. तुमचा आणि मुलाचा खर्च कलम २० खाली.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे, मग हक्क काय, असं तुम्ही विचारलंत. २००६ च्या एका निकालामुळे सासूसासऱ्यांच्या घरात सुनेला हक्क नाही असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. २०२० मध्ये सतीशचंदर अहुजा प्रकरणात तीन न्यायाधीशांनी तो अर्थ चुकीचा ठरवला. ज्या घरात तुम्ही सून म्हणून नांदलात ते सामायिक घर, सातबारा किंवा घराचा उतारा कोणाच्याही नावावर असो. मात्र हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. परत जायचं असेल तर कोर्ट तुम्हाला घरात घ्यायला सांगू शकतं आणि त्यासाठी पोलिसांची मदतही देऊ शकतं. पण माझं मनापासून सांगणं आहे: संरक्षण आदेश हातात आल्याशिवाय आणि त्याची दारू सुटल्याची खात्री पटल्याशिवाय जाऊ नका. घरात जागा देण्याऐवजी वेगळ्या खोलीचं भाडं नवऱ्याने द्यावं, असाही आदेश मागता येतो. अर्जात दोन्ही पर्याय लिहा.

कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न, असं आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे आधीच माहीत असू द्या. गाडी अडते ती नोटिशीपाशी. "घरी मिळून आला नाही" असा शेरा येतो आणि तारीख पुढे जाते. म्हणून त्याचा घरचा पत्ता, फोन, तो दुपारी ज्या केळीच्या गोडाऊनवर असतो तो पत्ता, सगळं अर्जात द्या. आणि मूळ अर्जाबरोबरच कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशाची मागणी आणि त्याचं प्रतिज्ञापत्र द्या. दारात येऊन धमकी देतोय हे त्यात दिसलं, तर कोर्ट नवऱ्याच्या हजर होण्याची वाट न पाहता एकतर्फी अंतरिम आदेश देऊ शकतं. पहिल्याच तारखेला वकिलांना त्यावर बोलायला सांगा. साक्षीत अहिराणी तोंडात आली तरी बिचकू नका, स्वतःच्या शब्दांतच सांगा.

आदेशाची प्रत तुम्हाला फुकट मिळते. ती शिरपूर आणि रावेर, दोन्हीकडच्या पोलीस ठाण्यांत पोचल्याची खात्री करा आणि पोच घ्या. त्यानंतर तो दारात आला तर ११२ लावा आणि "कोर्टाचा संरक्षण आदेश मोडलाय" हेच शब्द वापरा. कलम ३१ खाली हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता एन.सी.वर भागवता येत नाही. तुमच्या एकटीच्या साक्षीवरही कोर्ट त्याला दोषी धरू शकतं. खर्चाची रक्कम त्याने थकवली तर मात्र वेगळा वसुलीचा अर्ज करावा लागतो. आदेश येण्याआधीच जिवावर बेतलं तर ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ लावा, रात्र असली तरी.

राहिला मुलगा. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त भीती त्याचीच दिसते. याच अर्जात कलम २१ खाली त्याचा तात्पुरता ताबा मागा. बापाला भेटू द्यायचं तर कुठे, कधी, कोणासमोर हे कोर्टच ठरवेल, आणि भेटीने मुलाला धोका आहे असं वाटलं तर भेट नाकारूही शकतं. तोवर शाळेच्या मुख्याध्यापकांना लेखी द्या की आई किंवा मामाशिवाय कोणाकडेही मुलाला सोडू नये. आदेश आला की त्याची एक प्रत शाळेतही द्या.